बहीण एक, विवाहित

शिरगाव, रविवार, ८ जानेवारी १९६७

मामा सकाळीच आला. वाणगावचे धर्माजी मास्तर त्यांच्या उषासाठी मुलगा बघताहेत. आहेत आपल्यातलेच, पण शिकलेलं घर, म्हणून त्यांना मुलाची माहिती कागदावर हवी. "तोंडी सांगून भागनार नाय," मामा म्हणाला. "जन्म, शिक्षण, नोकरी, घरात कोन कोन, सगलं लिवून दे."

आमच्यात असला कागद कुणी लिहिल्याचं ऐकिवात नाही. मुलगा होडीवर कसा आहे, दारू किती पितो, हे बंदरावर चार जणांना विचारलं की सोयरीक ठरते. पण मी होडीवर जात नाही. बंदरावरच्यांना माझ्याबद्दल सांगण्यासारखं काही ठाऊक नसणार. म्हणून बसलो.

नाव : कमल. जन्मतारीख झाली. शिक्षण : मॅट्रिक. दोन खेपा लागल्या ते लिहिलं नाही. नोकरी : तारापूर प्रकल्पावर टाइमकीपर. मी कंत्राटदाराचा माणूस आहे, सरकारी नाही, पण काम प्रकल्पावरच चालतं. घर : स्वतःचे, कौलारू. मागची पडवी झावळ्यांची आहे. वडील : हयात नाहीत. आई : घरकाम. हे वाचून दाखवलं तेव्हा पालघरच्या बाजाराला जायला टोपली भरत असलेली आई हसली. "घरकाम? बरं."

मग 'भावंडे' असं लिहिलं आणि थांबलो.

दामूभावोजींनी ठकी नावाची बाई घरात आणली, त्याला आता तीन वर्षं होतील. तेव्हापासून ताई आमच्याकडे आहे. मागच्या दारातून मला ती दिसत होती, बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होती. आईनं माझी नजर बघितली असावी. "लिव," ती म्हणाली. "बहीण एक, लगीन झालेली. सासर दातिवरे. खोटं हाय का त्यात?"

खोटं नाही. फारकत झालेली नाही, गळ्यात काळी पोत आहे. लिहिलं.

ताई पाणी प्यायला आत आली आणि उभ्यानंच कागद वाचला. ती चौथीपर्यंत शिकली आहे, वाचताना तिचे ओठ हलतात. शेवटच्या ओळीशी ते हलायचे थांबले. "अक्षर चांगलं काढलंस," म्हणाली आणि परत बोंबलांकडे गेली. तिला वाईट वाटलं नाही हे बरं झालं.

बोईसर, मंगळवार, १० जानेवारी

इथल्या खोलीतला जोडीदार रामकिसन प्रकल्पाच्या ऑफिसात टंकलेखक आहे. परभणीकडचा. जेवणाच्या सुट्टीत त्यानं माझा कागद यंत्रावर टंकून दिला. बहिणीच्या ओळीशी आल्यावर म्हणाला, "आमच्याकडं 'सासरी सुखी' असं लिवतेत. नुसतं विवाहित लिवलं की मान्सं इचारत बसतेत." आणि मी काही बोलायच्या आत त्यानं ते टंकलंसुद्धा.

मी पुसायला लावू शकलो असतो. दुसरा कागद घालावा लागला असता, एवढंच.

शिरगाव, रविवार, २२ जानेवारी

मास्तर आणि त्यांच्या मंडळी, म्हणजे उषाची आई, घर बघून गेले. पसंत पडलंसं दिसतं.

काल रात्रीपासून आई ताईला काही सांगू बघत होती आणि सांगत नव्हती. ताईनं पहाटे उठून पापलेटाचं कालवण केलं, भाकऱ्या थापल्या, भांडी राखेनं घासून उन्हात उपडी घातली, आणि जाळं शिवायची सुई घेऊन म्हणाली, "मी किल्ल्याकडं बसते. पाव्हनं गेली की कोनाला तरी पाठव." आईनं नुसतं हं म्हटलं.

मास्तर उंच, किडकिडीत, बोलायला सौम्य आहेत. कालवण त्यांनी दोनदा मागून घेतलं. "हाताला चव आहे तुमच्या," असं आईला म्हणाले. आई म्हणाली, "कसलं काय, घाईत केलंय." मी ताटात बघत जेवलो. हात धुवायला ते मागच्या दारी गेले तेव्हा दोरीवर ताईचं लुगडं वाळत होतं. आईचं लुगडं कोळणीचं, गुडघ्यापर्यंत नेसायचं. ताईचं पाचवारी, दातिवऱ्याला लग्नात दिलेलं. मास्तरांच्या मंडळींनी ते निरखलं. आईनं लगेच सांगितलं, "शेजारनीचं हाय, आमच्या दोरीवर घालते ती."

ते गेल्यावर मी ताईला बोलवायला निघालो, तेवढ्यात मामा पुढच्या बोलणीबद्दल सांगू लागला आणि राहून गेलं. ऊन कलल्यावर ती आपणच आली. कालवण संपलं होतं. तिनं भाकरी कांद्याशी खाल्ली.

वाणगाव – बोईसर, रविवार, ५ फेब्रुवारी

उषाला बघितलं. मला आवडली. सातवी पास आहे, शिवणकाम शिकते. मान खाली घालून बसली नाही. मामानं रीतीप्रमाणे नाव विचारलं, तिनं सांगितलं, आणि मग मलाच म्हणाली, "तुमच्या ताई आल्या असत्या तर बरं झालं असतं."

मी म्हटलं, लांब पडतं. मास्तर म्हणाले, "लांब कसलं? मी एडवणच्या शाळेत होतो, दातिवरे पायाखालचं आहे. साखरपुडा पाडव्याला करू. त्याआधी मी स्वतः जाऊन ताईंना आमंत्रण देतो. वराची बहीण म्हणजे मानाची, तिला निरोप पाठवून चालत नाही."

मामा खोकला. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? मास्तरांनी एकोणीस तारखेचा रविवार ठरवला.

येताना मामाला म्हटलं, आता खरं सांगून टाकावं का. मामा म्हणाला, "टाकलेली भैन घरात हाय असं सांगितलंस तर उद्या तेच इचारतील, का टाकली. मग काय सांगशील?" मला खरंच माहीत नाही, का टाकली. मूल झालं नाही म्हणून असेल.

शिरगाव, रविवार, १२ फेब्रुवारी

आई दातिवऱ्याला जाऊन आली. ताईच्या सासूच्या, नर्मदाबाईंच्या, पायाशी बसले असं म्हणाली. त्यांनी मान्य केलं. त्या दिवशी ताई तिथं असेल, ठकीला शेजारी बसवतील. नर्मदाबाई इतक्या सहज कशा कबूल झाल्या याचं नवल वाटतं. आई म्हणते, बाईच्या मनात अजून माया आहे. ठकीला सातवा महिना आहे आणि सुकटीचा हंगाम, घरात माणूस पुरत नाही, तरी त्यांनी आपल्यासाठी एवढं केलं.

ताईला सांगायचं काम आईनं माझ्यावर टाकलं. ती जवळा निवडत होती. मी बसलो, उठलो, पुन्हा बसलो. मास्तरांच्या स्वभावाबद्दल बोललो, उषाच्या शिवणाबद्दल बोललो.

"कदी जायाचं?" ताईनं विचारलं.

म्हणजे तिला ठाऊक होतं. मी तारीख सांगितली.

"लुगडं धुवाया पायजे," ती म्हणाली.

माझी मान वर होत नव्हती. पण एक गोष्ट खरी, ती रागावली नाही.

बोईसर, सोमवार, २० फेब्रुवारी

काल लिहिण्याजोगा नव्हतो.

एडवणपर्यंत एस.टी., पुढे चालत. ताई पुढे, मी मागे. मास्तरांच्या आधी पोचायचं होतं. नर्मदाबाई ओटीवरच होत्या. ताईनं त्यांच्या पायांना हात लावला. त्या म्हणाल्या, "ये, आत जा." जणू ती बाजारातून परत आली होती. दामूभावोजी जाळ्याची गाठ मारत होते, त्यांनी वर बघितलं नाही. शेजारच्या दारात ठकी उभी दिसली. ताईच्या मानानं लहान पोर आहे. ती लगेच आत गेली.

मास्तर उन्हाचे आले. बसले, टोपी काढली, पाणी मागितलं. ताई आत गेली. हंडे पूर्वी चुलीच्या डाव्या अंगाला असत. ती तिकडे गेली, तिथं सुकटीची पाटी होती. मग कोपऱ्यातल्या मडक्याचं झाकण काढलं, ते रिकामं. दारातून हे सगळं दिसत होतं. नर्मदाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "तिकडं नाय, मागल्या दारी." ताई मागच्या दारी गेली, आणि मग पेल्यासाठी पुन्हा आत आली आणि फळीकडे बघत उभी राहिली.

मास्तर तेव्हा माझ्याकडे बघत नव्हते. ते आपल्या टोपीकडे बघत होते.

पाणी प्याले. पिशवीतून नारळ आणि खण काढून त्यांनी ताईच्या हातात दिला. "ताई, पाडव्याला तुम्ही यायचंच. उषा वाट बघेल."

"येईन," ताई म्हणाली.

मास्तर भावोजींशी मासेमारीचे चार शब्द बोलून उठले. त्यांना काही कळलं नसावं. मी एडवणच्या वाटेपर्यंत त्यांना पोचवून आलो आणि ताईला म्हटलं, चल.

तेव्हा नर्मदाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की तिला. आता गावानं बघितली, लगेच उठून गेली तर बोलतील. मास्तरांचं गावात जानंयेनं हाय. पाडव्यापरेंत ऱ्हाऊ दे. सुकटीला हात बी लागतील."

त्यात चूक काही नव्हतं. मी ताईला विचारलं, "तुला काय वाटतं?"

तिनं मला उलट विचारलं, "तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, पाडव्यापर्यंत म्हणजे काही फार दिवस नाहीत.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली आणि मागच्या दारी गेली. म्हणजे तिची हरकत नव्हती. मी तिला विचारलं होतं, हे मी इथं लिहून ठेवतो.

एडवणला बस यायला वेळ होता. टपरीवर चहा घेतला. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं, चहा फार दिवसांनी गोड लागला. तो गोड लागला याचीच आता लाज वाटते आहे.

शिरगाव, रविवार, ५ मार्च

आईच्या बोटाला बोंबील सोलताना विळी लागली. मागचं काम सगळं तिच्यावर आलं आहे. घरात बोलायला कुणी नाही म्हणते. "तिकडं सुखी असंल," असं आपणच म्हणाली. मी म्हटलं, असणारच, नाहीतर निरोप आला असता.

साखरपुड्यासाठी मी सदरा शिवायला टाकला.

शिरगाव, रविवार, १९ मार्च

आज बंदरावर जिवल्या भेटला. तो आमच्याच गावचा, पण हल्ली दातिवऱ्याच्या होडीवर खलाशी आहे. म्हणाला, "तुजी पुष्पाताई दिसली. दोन घरचं पानी भरते ती. निजते भाईर पडवीत."

मी विचारलं, दोन घरचं कसं?

"यक घरचं, नि यक ठकीच्या मायचं. ती बी तिथंच शेजारच्या घरात आलीय ना, लेकीच्या बालंतपनाला." मग म्हणाला, "तू इचारायला गेला नायस?"

मी म्हटलं, रजा मिळत नाही. रविवार आमचा मोकळा असतो हे त्याला माहीत आहे. तो आज मला रविवारीच भेटला होता.

आईला सांगितलं नाही.

बोईसर, रविवार, २६ मार्च

घरी गेलो नाही. अंग मोडून आलं होतं. रामकिसननं विचारलं, ताप आहे का. कपाळाला हात लावून म्हणाला, नाही.

बोईसर, मंगळवार, ४ एप्रिल

दुपारी मास्तर प्रकल्पाच्या फाटकाशी आले. शाळा अर्धी सोडून आले असावेत. आम्ही बाहेरच्या हॉटेलात बसलो. शेजारी कामावरची माणसं हिंदीत पगाराबद्दल भांडत होती, त्यामुळे मास्तरांना जरा मोठ्यानं बोलावं लागलं, ते त्यांना आवडत नव्हतं.

"त्या दिवशी ताईंना पाणी कुठं आहे ते ठाऊक नव्हतं," ते म्हणाले.

मी कप बशीत फिरवला.

"मी तेव्हाच विचारायला हवं होतं. वाटलं, आज ना उद्या तुम्ही आपण होऊन सांगाल. सहा आठवडे वाट बघितली. दरवेळी टपाल आलं की उषा विचारायची. परवा मीच दातिवऱ्याला गेलो. घरात मूल झालंय. ताई बाळंतिणीचे कपडे धूत होत्या. मला बघून त्यांनी पदर नीट केला आणि विचारलं, कमल बरा आहे ना?"

मी सगळं सांगितलं. कागदापासून सांगितलं. सासरी सुखी हे मी लिहिलं नव्हतं, रामकिसननं टंकलं, हेही सांगितलं. मास्तर ऐकत होते. मध्ये एकदा म्हणाले, "बहीण माहेरी आहे एवढंच लिहिलं असतं तरी मी आलो असतो. माझी आत्या जन्मभर आमच्याकडेच होती."

मग म्हणाले, "उषाला मी सांगितलं. ती एवढंच म्हणाली, त्यांना परत आणलं का ते विचारा." आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, नाही.

त्यांनी चहा संपवला, बशी कपाखाली सरळ केली. "मग पाडव्याची तयारी करू नका," म्हणाले. चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

फाटकापर्यंत चालत आलो. संध्याकाळच्या पाळीची हजेरी घेताना दोन नावं चुकीची वाचली.

शिरगाव, रविवार, ९ एप्रिल

ताईला घेऊन आलो. जसं झालं तसं लिहितो.

मी पोचलो तेव्हा ती मागच्या अंगणात पाय लांब करून बसली होती आणि नडगीवर ठकीचं बाळ पालथं घालून त्याला न्हाऊ घालत होती. मुलगी आहे. ताईचे हात कोपरापर्यंत फुटले होते, मिठाच्या कामानं फुटतात तसे. तिनं मला बघितलं आणि उरलेलं पाणी बाळाच्या डोक्यावरून सोडलं.

"ताई, घरी चल."

तिनं बाळाला फडक्यात गुंडाळलं. "मोडलं?"

"हो."

"म्हंजे आता मी घरात चालंन," ती म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

आत जाऊन तिनं बाळ ठकीच्या कुशीत दिलं. ठकीनं तिचा पदर धरला. ताईनं तो सोडवून घेतला आणि तिला सांगितलं, काढा फळीवर आहे, शेगडीत निखारे घातलेत, टाळू भरायला विसरू नको. नर्मदाबाई ओटीवर आडव्या आल्या. "बालंतीन घरात नि तू चाललीस?"

"तुमची सून हाय. तुमी बघा."

भावोजी जाळ्याशीच होते. मी त्यांच्यासमोर थांबलो, काही बोलावं म्हणून. त्यांनी सुई दातात धरून दोरा ओढला. मी निघालो.

एडवणपर्यंत ती पुढे, मी मागे. मनात एकच घोळत होतं, की आता पुरे लपवणं, यापुढे कुणीही विचारलं तरी खरंच सांगायचं. बसमध्ये केळव्याची एक मासेवाली बाई शेजारी बसली, आमच्या आईला ओळखणारी. तिनं ताईकडे बघून विचारलं, "काय गो, पाडव्याला माहेरी?"

मी ताईच्या आधी बोललो. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. म्हटलं, "माझी बहीण आहे. नवऱ्यानं टाकलीये तिला. आमच्याकडेच असते."

पुढच्या बाकावरची माणसं वळून बघू लागली. मला वाटलं, ताईला बरं वाटेल. मी तिच्याकडे बघितलं. तिनं बोंबील हातात आल्यासारखं माझ्याकडे बघितलं, ताजा आहे की नाही बघावं तसं, आणि मग त्या बाईकडे वळली.

"टाकलेली नाय गो मावशी. मी निघून आलीय. त्यानं ती पोर घरात आनली, त्याच दिशी उठले नि चालत आले. सासू आडवी पडलेली दाराशी. तिच्या वरून पाय टाकून आले."

बाई म्हणाली, "बरं केलंस." आणि त्या दोघी जवळ्याच्या भावाबद्दल बोलू लागल्या.

मी खिडकीबाहेर बघत बसलो. तीन वर्षं एका घरात राहिलो, ताईच्या हातचं जेवलो, आणि हे तिला कधी विचारलं नाही. टाकली, असं घरात म्हणत होते, म्हणून मीही म्हणत होतो. त्या दिवशी मीच तिला तिथं परत नेऊन सोडली, आणि तिनं विचारलं होतं, तुला काय वाटतं.

पालघरला बस बदलली.  घरी आल्यावर ताई सरळ मागच्या दारी हातपाय धुवायला गेली.

मी आईला विचारलं, "ती आपण होऊन निघून आली होती, हे तुला ठाऊक होतं?"

आई चुलीशी होती. "ठाऊक नसायला काय झालं. मीच दार उघडलं ना." मग फुंकणी खाली ठेवून, आवाज बारीक करून म्हणाली, "पन निघून आलेली म्हंजे आनखी वाईट दिसतं, बाबा. टाकलेली म्हटलं की लोक निदान कीव करतात."

 कागद मी लिहिला होता, आईनं नाही.

मागच्या दारी पाण्याचा आवाज थांबला होता. तिथं सगळं ऐकू जातं. ताई पदराला हात पुशीत आत आली, आईनं केलेलं कालवण उघडून बघितलं आणि म्हणाली, "मीठ घातलंस का?"